कानशीची सुरी आणि सुलभाचा घण

गेल्या महिन्यात इंदूरच्या भंवरकुआं भागातून कोचिंगला शिकणारा एक तरुण दुकानात आला. खोलीवर कांदा-टमाटर चिरायला सुरी पाहिजे म्हणाला. त्यानं भिंतीवरच्या सुऱ्या बघितल्या, मागच्या अंगणातली भट्टी बघितली आणि विचारलं, "अंकल, ये सब कौन-सा वीडियो देखके सीखा?"

मी म्हटलं, "भिया, मी शिकलो तेव्हा व्हिडिओ फक्त लग्नाचा निघायचा."

गल्ल्यावर आमची सौ. बसली होती. तिचं नाव सुलभा. ती वर न बघता म्हणाली, "काढायला पाहिजे होता तुमचाही. पहिल्या सुऱ्या बघून लोक पोट धरून हसले असते."

तर त्या पहिल्या सुऱ्यांचीच गोष्ट लिहितो. नंतर कामं पुष्कळ झाली. महूच्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांनी शिकारीची म्हणून जबरदस्त सुरी करून घेतली आणि त्या सुरीनं ते आजतागायत पेरू कापतात. एक बाई आल्या होत्या, त्यांना भाजी कापणारी पण बोट न कापणारी सुरी पाहिजे होती. मी त्यांना हात जोडले. एका गृहस्थांनी ज्योतिषाला विचारून पात्याची लांबी आणली होती, ती मी निमूटपणे करून दिली, कारण सुरी त्या लांबीतही चांगलीच होते. पण ही सगळी धंदा बसल्यावरची गंमत. धंदा बसण्याआधी आमच्या घरात जे झालं, ते मला अजून काल झाल्यासारखं आठवतं.

मी मूळचा कापड मिलचा फिटर. आजोबा मिलमध्ये लागले म्हणून आमचं घराणं इंदूरला आलं, मग वडील लागले, मग मी. नाव बाळकृष्ण, पण वर्कशॉपमध्ये सगळ्यांचा बालू भिया. फिटरचं काम म्हणजे मशीनचा भाग घासून-पुसून असा बसवायचा की तो जन्मापासून तिथेच होता असं वाटावं. त्याचं मुख्य हत्यार कानस. दात असलेली पोलादी पट्टी, लोखंड घासायची. माझ्याकडे एक लांब कानस होती, वडिलांनी मला कामाला लागल्यावर दिलेली. तिच्यावर माझा इतका जीव होता की वर्कशॉपमध्ये ती मागायची कोणाची हिंमत नव्हती.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग एक दिवस भोंगाच वाजला नाही. आमच्या बडा गणपतीच्या गल्लीत निम्म्या बायकांना कुकर कधी लावायचा तेच कळेना. माणसं जे जमेल त्याला लागली. कोणी टेम्पो घेतला, कोणी कचोरीची गाडी लावली. आमच्या वर्कशॉपचे एक जोडीदार भजनी मंडळात पेटी वाजवायला लागले आणि म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी आलो. मी मात्र घरी बसून सुलभाच्या डब्यांची झाकणं नीट बसतात की नाही ते बघत होतो. चार दिवसांनी ती म्हणाली, "अहो, झाकणं चांगली आहेत. तुम्ही बाहेर जा."

सुलभाचे थोरले भाऊ, आमचे दादा, पीथमपूरला एका नव्या कारखान्याच्या ऑफिसात होते. तेव्हा तिकडे रोज काहीतरी नवीन उघडत होतं. मशिनी परदेशातून यायच्या आणि कॉम्प्युटरवर चालायच्या. तिथे कानस मारणारा कोणाला नको होता, पण गेटवर माणूस पाहिजे होता. दादांनी शब्द टाकला आणि काम पक्कं करून आले. युनिफॉर्म, टोपी, शिट्टी. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं.

दादांनी आमच्या भल्याचंच केलं होतं, आणि गेटवरच्या कामात कमीपणा काही नाही. पण दुसऱ्यांना कामावर आत सोडायचं आणि आपण बाहेर खुर्चीवर बसायचं, या विचारानं मला रडू यायचं. मी ते कोणाला दाखवलं नाही. सुलभाला कळलंच.

"दादा," ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत यांना यांचं काहीतरी करू दे. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी स्वतः युनिफॉर्मला इस्त्री करून देईन."

"आणि हे करणार काय?" दादांनी विचारलं.

"सुऱ्या," मी म्हणालो. बोललो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.

अगदी हवेतलं बोललो नव्हतो. मिलमध्ये रिकाम्या वेळात मी करवतीच्या जुन्या पात्यांच्या सुऱ्या घासून द्यायचो. साहेबांच्या घरापासून कँटीनपर्यंत माझ्या सुऱ्या होत्या. पण ते थंड लोखंड घासणं. मिल बंद झाल्यावर फिरता फिरता मला रस्त्याच्या कडेला गाडिया लुहारांची जोडी दिसली. बैलगाडीत संसार, खाली जमिनीत गाडलेली छोटी ऐरण. नाथूजी लाल लोखंड सांडशीत धरून बसायचे आणि त्यांची बायको भूरीबाई उभी राहून घण घालायची. त्यांच्यात पहिल्यापासून तशीच रीत, घण बाईचा. लोखंड मऊ होऊन पसरत होतं, त्याला टोक फुटत होतं, धार उतरत होती, आणि एक कण वाया जात नव्हता. मी जन्मभर लोखंड घासून त्याचा भुगा केला होता. तिथे उभा राहिलो आणि मनानं घेतलं की आपल्याला हेच करायचं.

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्यात हत्यारांची पूजा. वर्कशॉपमध्ये आम्ही एकेक पाना, हातोडा रॉकेलनं धुऊन मांडायचो, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला काम सांगायचं नाही. त्याला सुट्टी. घरीसुद्धा विळी-सुरी पाटावर जायची, म्हणून आई आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायची. कामाला लागल्यापासून माझी कानस दर खंडेनवमीला त्या पूजेत होती. यंदा वर्कशॉपला कुलूप. मी ठरवलं की यंदा घरच्या पाटावर माझ्या हातानं घडवलेलं एक पातं ठेवीन, आणि ते पातं खरं असेल. तसं झालं नाही तर दसऱ्यानंतर शिट्टी.

पहिली सुरी मी हट्टानं मिलच्या लोखंडाची केली. मशिनी भंगारात निघाल्या तेव्हा मी भंगारवाल्याकडून लूमची, म्हणजे मागाची, एक पट्टी मागून आणली होती. अंगणात चुलीसारखी भट्टी बांधली, तिला हातानं फिरवायचा पंखा लावला, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा ठेवला. फिटरचा स्वभाव, म्हणून आधी कागदावर ड्रॉइंग काढलं, मापं टाकली आणि जाडी मोजायचा व्हर्नियर हाताशी ठेवला. लाल लोखंडाला व्हर्नियर लावता येत नाही, हे तो हातात घेतल्यावर लक्षात आलं. शिवाय धारेच्या बाजूनं ठोकलं की लोखंड तिकडे पसरतं आणि पातं उलट्या बाजूला वळतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ड्रॉइंगमध्ये सरळ असलेली सुरी भट्टीतून केळ्यासारखी निघाली.

ती ठोकून-ठाकून सरळ केली आणि सुलभाला दिली. तिनं लाल भोपळा घेतला. सुरी भोपळ्यात अर्धी गेली आणि तिथेच वाकली. भोपळ्याला काही झालं नाही.

"छान आहे," सुलभा म्हणाली. "शिरा ढवळायला होईल."

ती पट्टी मऊ लोखंडाची होती. मऊ लोखंड कितीही तापवा, बुडवा, ते कडक होत नाही. पोलाद वेगळं. मला हे पुस्तकी माहीत होतं, तरी मिलचं लोखंड धोका देणार नाही असं कुठेतरी वाटत होतं. वाईट वाटलं. ती वाकडी सुरी अजून आहे, सुलभा तिच्यानं कुंडीतली माती उकरते.

दुसरी केली ट्रकच्या कमानीच्या पाट्याची. ते पोलाद. आता यातली मुख्य गोष्ट सांगतो, बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते. पातं घडवून झालं की त्याला पाणी द्यावं लागतं. म्हणजे ठराविक रंग येईपर्यंत तापवून एकदम बुडवायचं, त्यानं ते कडक होतं. रंग कमी असला तर पातं मऊ राहतं, जास्त झाला तर जळतं. सगळी विद्या त्या रंगात आहे. मी काम करत होतो भर दुपारी उघड्या अंगणात, कारण तेव्हा शेजारी झोपलेले असायचे. मला पातं नीट लाल दिसेचना. म्हणून पंखा फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, शेवटी पात्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. घाबरून पातं पाण्याच्या बादलीत घातलं. बादलीतून टण् असा आवाज आला. बाहेर काढलं तर टोकापासून मुठीपर्यंत चीर.

शेजारच्या जोशीकाकू उठल्याच. भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बाळासाहेब, माझ्या पापडांवर राख पडते आहे. तुम्ही नक्की काय करता आहात?"

"उद्योग," मी म्हणालो.

"तो कळतो आहे," काकू म्हणाल्या आणि पापड उचलून घेऊन गेल्या.

मग मी नाथूजींकडे गेलो. त्यांच्या गाडीच्या चाकाचा आस घासून खिळखिळा झाला होता, तो मी बसवून दिला, आणि ते दोघं एक दिवस आमच्या अंगणात आले. नाथूजी बोलायचे कमी. भूरीबाईनं वर सूर्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं आणि हसायला लागली. "बाबूजी, धूप में लोहे को रंग नी दीखे. छाया करो."

सुलभा आत गेली आणि जुनी गोधडी घेऊन आली. भट्टीपासून लांब धरून आम्ही ती दोन दोऱ्यांवर बांधली. खाली अंधारलं आणि मला भट्टीतलं लोखंड पहिल्यांदा खरं दिसलं.

दुसरी अडचण हाताची. एका हातात सांडशी, एका हातात हातोडा, मग जाड पोलादावर घण कोण घालणार? मी नाथूजींना विचारलं, रोजावर कोणी घणवाला मिळेल का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुलभाकडे बघितलं. "घरवाली तो है."

मी म्हणालो, "नाही नाही, हिला कसं जमेल, आमच्यात बायका..."

भूरीबाईनं तोपर्यंत घण सुलभाच्या हातात दिला होता. सुलभानं पदर खोचला. पहिला घाव ऐरणीच्या बाहेर फरशीवर पडला आणि फरशी गेली. दुसरा ऐरणीवर. तिसरा नेमका लाल लोखंडावर. भूरीबाई म्हणाली, "जम गयो." सुलभाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेलं नाही.

या कामाची एक भाषा असते. धरणारा छोट्या हातोड्यानं जिथे टिचकी मारेल, तिथेच घण पडायचा. छोटा हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. सुलभा जागेवर बरोबर मारायची, पण थांबायची नाही. मी ऐरण वाजवतो आहे, ती हाणते आहे. मी म्हटलं, "अगं, मी थांब म्हणतो आहे."

"मला वाटलं, तुम्ही कौतुक करताय," ती म्हणाली.

रंगाचं मात्र तिनं मला शिकवलं. मी फिटर, मला मापं कळतात. ती रोज गूळ, तूप, कांदा परतणारी. मी म्हणायचो लाल, ती म्हणायची लाल नाही, नुसतं गाजर झालंय, अजून थांबा. मग म्हणायची, आता केशरी भातावर आलं. माझ्या हातात स्पीकरमधून काढलेलं चुंबक होतं. पोलाद पाण्याच्या लायकीचं तापलं की चुंबकाला चिकटत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चुंबक लावून पडताळा घ्यायचो आणि तिचा केशरी भात दर वेळी बरोबर निघायचा. पुढे मी चुंबक ठेवून दिलं.

नवरात्र बसलं आणि एका दुपारी दादा आले. मागच्या दारानं थेट अंगणात. गोधडीखाली त्यांची धाकटी बहीण पदर खोचून घण घालते आहे, कपाळावर काजळी, आणि मी खाली बसून "हं, इथे, इथे" म्हणतो आहे. दादा दारातच थांबले. मग म्हणाले, "बाळासाहेब, माझी बहीण मी या कामासाठी तुमच्या घरी दिली होती का?"

खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

"दादा," सुलभा म्हणाली, "लोखंड थंड होतंय. बस, चहा करते." आणि राहिलेले घाव घालूनच आत गेली.

चहा झाला. दादांचा राग जरा उतरला, पण मुद्दा राहिला. ते म्हणाले, "मी तिथे शब्द दिलेला आहे. घरातल्या माणसांनी सुरी छान म्हणून चालणार नाही. बाहेरचा कोणी सांगेल तर मी मानीन."

"गेंदालाल महाराज चालतील?" मी विचारलं.

गेंदालाल महाराज म्हणजे आमच्या भागातले मोठे आचारी. लग्न असो, भंडारा असो, महाराज आणि त्यांची माणसं. खोटं बोलायचं नाही, गोड बोलायचं नाही, हा त्यांचा लौकिक. एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या बापाला तोंडावर सांगितलं होतं की तुमचं तूप वास मारतं आहे. अष्टमीला त्यांचा मोठा भंडारा असायचा, पुरी आणि भोपळ्याची भाजी. दादा म्हणाले, "चालतील. त्यांनी नाही म्हटलं तर मग वाद नको." मी बरं म्हणालो.

पण सुरी कुठे होती? कमानीच्या पोलादाची तिसरी केली होती, ती कशीबशी भाजीपुरती. महाराजांपुढे नेण्यासारखी नव्हती. मी पोलाद शोधत भंगारात फिरलो. तेव्हा नाथूजी-भूरीबाई परत अंगणात आले आणि नाथूजींनीच माझ्या पेटीतली कानस उचलली, माझी, वडिलांनी दिलेली. सहाणेच्या चाकावर जरा टेकवली. ठिणग्या अशा फुटल्या की भट्टीजवळ बसलेली भूरीबाई उठून उभी राहिली. चांगल्या पोलादाची खूण ती.

"यो है," नाथूजी म्हणाले.

मी कानस त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पेटीत ठेवली. त्या दिवशी काम केलं नाही. सुलभा जेवताना म्हणाली, "तिचे दात झिजलेत ना?"

"झिजलेत."

"मिल नाही, मग ती घासणार काय आता?"

मला राग आला. मग कळलं की राग तिचा नाही, ती खरं बोलते आहे त्याचा आहे. दुसऱ्या दिवशी मी कानशीचे उरलेसुरले दात घासून सपाट केले, कारण दात राहिले तर तिथूनच पातं तडकतं. वडिलांचा हात त्या मुठीवर आठवला. मग ती भट्टीत सरकवली आणि सुलभानं घण उचलला.

कानस घडत गेली. घाईनं नाही, आणि ड्रॉइंगशिवाय. यावेळी पाण्यात बुडवायचं नव्हतं, नाथूजींनी तेल सांगितलं होतं. मी डब्यात शेंगदाण्याचं तेल घेतलं. सुलभा गोधडीखाली वाकून बघत होती. "गाजर. थांबा. अजून थांबा. केशरी भात. हं, आता." मी पातं तेलात घातलं. भपकन धूर झाला, फसफस झाली, आणि आम्ही दोघंही टण् ऐकायला थांबलो. काही वाजलं नाही.

भिंतीवरून जोशीकाकूंचा आवाज आला, "सुलभा, भजी करते आहेस का गं?"

पातं काढून मी दुसरी कानस त्यावर ओढून बघितली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. कडक झालं होतं. पण नुसतं कडक पातं काचेसारखंच फुटतं, म्हणून ते परत थोडं शेकावं लागतं. घासून चकचकीत केलं की शेकताना त्यावर रंग चढतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. सुरीला पिवळ्यावर थांबवायचं. आमच्या घरी केक करायचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, दादांनीच दिलेला. सुरी त्यात ठेवली. सुलभा दर थोड्या वेळानं झाकण काढून बघायची. "अजून लोणी आहे. आता कढायला लागलं. साजूक तूप. काढा." मी काढली. त्या ओव्हनमध्ये पुढे केलेल्या केकला वर्षभर मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि दादा तो केक दर वेळी निमूट खायचे.

अष्टमीला सुरी कापडात गुंडाळून मी भंडाऱ्याच्या मांडवात गेलो. बरोबर सुलभा आणि दादा. भोपळ्यांचा ढीग पडला होता आणि महाराजांची माणसं कापत बसली होती. महाराजांनी सुरी घेतली, अंगठ्यानं धार चाचपली आणि कापायला बसले. पहिला भोपळा. माझं लक्ष पात्याकडे, वाकतंय का, तडकतंय का. पातं सालीतून बियांपर्यंत सरळ उतरलं. दुसरा भोपळा. तिसरा. महाराज नुसते कापत सुटले. मधे एकदा त्यांनी सुरी दगडावर टणकन आपटून बघितली. पातं शाबूत होतं. दादा बाजूला उभे राहून घाम पुसत होते. घण त्यांनी घातला नव्हता, पण त्यांनाच जास्त घाम आला होता.

ढीग अर्धा उतरला तेव्हा महाराजांनी परत धार चाचपली. सुलभाच्या आठवणीतले त्यांचे शब्द असे: "भिया, अबी तक तो माखन जैसी चल री है." माझ्या कानात तेव्हा काही शिरत नव्हतं. मग त्यांनी आपल्या माणसांकडे हात केला. या सगळ्यांना एकेक करून द्या, म्हणाले. आणि सुरी कमरेला खोचली.

"महाराज, ती नाही," मी म्हणालो. "उद्या खंडेनवमी. ती पाटावर बसायची आहे. दसरा झाला की तुमचीच."

महाराज माझ्याकडे रोखून बघत राहिले. मला वाटलं, बिनसलं. पण त्यांनी कमरेची सुरी काढली, स्वतःच्या उपरण्याला पुसली आणि हातात न देता खाली फळीवर ठेवली, कारण धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं म्हणतात. मी ती तिथून उचलली. परतताना दादा एवढंच म्हणाले, "पीथमपूरला मी कळवतो." आणि थोडं पुढे गेल्यावर, "सुलभा, हात दुखतात का गं?"

खंडेनवमीला सकाळी मी अंगणात पाट मांडला. हातोडा ठेवला, सांडशी ठेवली, मिलचा व्हर्नियर ठेवला, घण धुऊन ठेवला. मधोमध कानशीची सुरी. वडिलांची कानस याही वर्षी पूजेला बसली होती, फक्त रूप बदलून. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. सुलभा शेजारी उभी होती. मी म्हटलं, "हात कर पुढे." तिनं केले. तळव्यांना घट्टे पडले होते, उजव्या अंगठ्याशी भाजल्याचा डाग. मी दोन्ही तळव्यांना हळद-कुंकू लावलं, एकेक झेंडू ठेवला आणि नमस्कार केला.

सुलभानं आपल्या हातांकडे बघितलं. मग जाऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसली आणि फुलं तशीच मांडीवर ठेवून म्हणाली, "पूजा झाली ना? मग आज यांनाही सुट्टी. स्वयंपाक तुम्ही करा."

मी स्वयंपाकघरात गेलो. विळी पाटावर, सुरी पाटावर, आणि भोपळ्याच्या नादात आदल्या दिवशी कोणी भाजी चिरून ठेवली नव्हती. डाळ-तांदूळ धुतले आणि खिचडी टाकली. कांदा नाही, टमाटर नाही, कोथिंबीर नाही. दादा जेवायला आले होते, तेही तीच जेवले.

तेव्हापासून सुऱ्या करणाऱ्याच्या या घरात दर खंडेनवमीला, काहीही न चिरलेली खिचडी मी करतो. सुलभा ओसरीवर बसून असते आणि मधूनच आत हाक मारते, "मीठ बघा."